स्टेपसाइड की फ्लीटसाइड? जुन्या अमेरिकन पिकअपचे हौदे (1947 ते 1972)

जुनापत्रा

नमस्कार मंडळी. 'अमेरिकेत जुना पिकअप घ्यायचाय, स्टेपसाइड घेऊ की फ्लीटसाइड?' हा प्रश्न गाड्यांच्या गप्पांमध्ये सारखा येतो आणि 'जो आवडेल तो घ्या' या उत्तरावर विरून जातो. म्हणून हा वेगळा धागा. इंजिन, गिअरबॉक्स, रंग यांची चर्चा इथे नको. फक्त हौदा.

आधी ओळख. स्टेपसाइडमध्ये चाकं हौद्याच्या बाहेर असतात. हौदा म्हणजे सरळ चौकोनी पेटी, तिच्या दोन्ही बाजूंना बोल्टने लावलेले फुगीर मडगार्ड, आणि मडगार्डच्या पुढे पाय ठेवायला पायरी. फ्लीटसाइडमध्ये बाजूचा पत्रा केबिनच्या रेषेत थेट मागच्या दिव्यापर्यंत जातो आणि चाकांची घरं हौद्याच्या आत येतात. ही दोन्ही नावं शेवरोलेची. जीएमसी यांनाच फेंडरसाइड आणि वाइडसाइड म्हणायची, फोर्ड फ्लेअरसाइड आणि स्टाइलसाइड, डॉज युटिलाइन आणि स्वेप्टलाइन, जीप थ्रिफ्टसाइड आणि टाउनसाइड. विकणारे ही नावं सर्रास एकमेकांत मिसळतात, त्यामुळे जाहिरातीतल्या शब्दावर जाऊ नका, फोटो बघा.

सरळ बाजूंची सुरुवात 1955 च्या शेवरोले कॅमिओ कॅरियरपासून धरतात. फोर्डने 1957 मध्ये पोलादी स्टाइलसाइड आणला आणि त्यासाठी जादा पैसे घेतले नाहीत. महागड्या कॅमिओचं गणित तिथेच बिघडलं. 1958 च्या मध्यावर शेवरोलेने पोलादी फ्लीटसाइड काढला आणि कॅमिओ बंद केला.

आता मापं. 1947 नंतरच्या अर्ध्या टनी (साधारण अर्धा टन माल वाहायच्या वर्गातल्या) शेवरोलेचा स्टेपसाइड हौदा आतून 50 इंच रुंद आणि 78 इंच लांब. 4 बाय 8 फुटांचं प्लायवूड 48 इंच रुंद, म्हणजे ते तळावर सपाट बसतं आणि मागे दीड फूट बाहेर राहतं. 'स्टेपसाइडमध्ये प्लायवूड मावत नाही' हे कुठून आलं देव जाणे. नंतरच्या फ्लीटसाइडमध्येही दोन चाकघरांच्या मधलं अंतर 50 इंचांच्या आसपासच आहे. फ्लीटसाइडची जास्तीची जागा मिळते ती चाकघरांच्या पुढे, मागे आणि वर. वाळू, खडी, पालापाचोळा भरायचा असेल तर ती कामाची. पेट्या आणि फर्निचर न्यायचं असेल तर मधे येणारी चाकघरं नसलेला सपाट तळ बरा.

माझं मत आधीच सांगून टाकतो: हातात वेल्डिंग नसेल तर स्टेपसाइड घ्या. त्यातलं जवळपास सगळं बोल्टने सुटतं.

मिशिगनकर

धागा छान. एक भर घालतो. कॅमिओला लोक 'पहिला फ्लीटसाइड' म्हणतात, पण आतली पेटी नेहमीच्या स्टेपसाइडचीच होती. तिच्या बाहेरून फायबरग्लासच्या बाजू लावल्या होत्या. त्या ओहायोतल्या अ‍ॅश्टाब्युलाच्या मोल्डेड फायबर ग्लास कंपनीकडून यायच्या, ज्यांनी कॉर्व्हेट या शेवरोलेच्या स्पोर्ट्स कारच्या बॉडीचे भाग केले तेच हे. त्यामुळे बाहेरून रुंद दिसला तरी आत माल तेवढाच. जादा चाक मागच्या बंपरच्या मधल्या भागाआड दडवलेलं असायचं, तो भाग खाली पडला की चाक बाहेर.

1955 मध्ये 5,220 कॅमिओ बनले, पुढे आकडा घसरला. त्या पहिल्या वर्षीच्या रंगाचं नाव होतं बॉम्बे आयव्हरी. आपल्या मुंबईशी त्याचा संबंध नावापुरताच, पण मराठी माणसाच्या गॅरेजात शोभेल खरा.

डॉजने 1957 मध्ये याच्यावर तोड काढली ती त्याहून मजेशीर. स्वेप्टसाइड म्हणजे दोन दारांच्या स्टेशन वॅगनचे मागचे शेपटीदार पत्रे आणि बंपर आणून साध्या हौद्याला जोडले आणि फाळका (हौद्याचं मागचं खाली पडणारं दार) कापून मधे बसवला. नवी डाय नाही, नवा साचा नाही. आज असा डॉज दुरुस्त करायचा तर पिकअपचे नव्हे, वॅगनचे भाग शोधावे लागतात.

चाकबंद

@मिशिगनकर, कॅमिओच्या फायबरग्लासला तडे गेले असतील तर लांबी (पुट्टी) भरून चालतं का?

मिशिगनकर

नाही. लांबी वरून बसते आणि आत तडा चालूच राहतो, एका उन्हाळ्यात रंगावर रेघ उमटते. तड्याच्या दोन्ही बाजूंनी उतार देत घासायचं. उताराची लांबी जाडीच्या बारापट धरा, म्हणजे 3 मिमी जाडीला साधारण 36 मिमी. मागून आधी काचतंतूंची मॅट आणि रेझिन, मग पुढून एकेक थर, लहान तुकडा खाली आणि मोठा वर. लांबी अगदी शेवटी, फक्त पृष्ठभाग सारखा करायला. आणि तडा का गेला ते बघा. बहुतेक वेळा खाली पोलादी पेटीला धरणारा ब्रॅकेट गंजून सैल झालेला असतो. तो नीट केला नाही तर तडा पुन्हा तिथेच.

रंधा

लाकडी तळाबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. स्टेपसाइडला तर लाकडी तळ असतोच, पण 1967 ते 72 च्या शेवरोले फ्लीटसाइडलाही यायचा. रचना अशी: चासीवर आडव्या पोलादी पट्ट्या, त्यावर लांबीच्या दिशेने फळ्या, दोन फळ्यांच्या सांध्यावर पोलादी पट्टी, आणि पट्टीतून खाली आडव्या पट्टीपर्यंत 5/16 इंचाचे कॅरेज बोल्ट. गोल डोकं वर, डोक्याखालचा चौकोन पट्टीच्या चौकोनी भोकात अडकतो, म्हणून खालून एकट्याने पाना फिरवता येतो. फळीच्या दोन्ही कडांना खाच असते, पट्टीची कड त्या खाचेत बसते.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: लोक फळ्या एकमेकींना घट्ट चिकटवून बसवतात. घरातल्या लाकडी जमिनीला ते चालतं, उघड्या हौद्याला नाही. ओकची 6 इंच रुंद फळी, लाकडातली आर्द्रता 4 टक्क्यांनी वाढली की रुंदीत 2 मिमीच्या वर फुगते. आठ फळ्या असतील तर मिळून 17-18 मिमी. ती जागा पट्टीखाली सोडलेली नसेल तर फळ्या कमानीसारख्या वर उठतात, नाहीतर बाजूचा पत्रा बाहेर ढकलतात. प्रत्येक सांध्यात बोल्ट जाऊन वर फुगायलाही जागा उरेल एवढी फट ठेवा. पट्टी ते झाकते, वरून काही दिसत नाही. बोल्टची भोकंही फळीच्या पोटातून पाडायची नाहीत, बोल्ट त्या मोकळ्या फटीतूनच जातो. बाजूच्या कोनपट्टीत आणि चासीच्या बोल्टांपाशीच फळीला भोक पडतं, आणि ते बोल्टपेक्षा 2-3 मिमी मोठं पाडा.

क्रम असा ठेवा. आधी सगळ्या आडव्या पट्ट्या आणि बाजू सैल बोल्टवर उभ्या करा. कर्ण मोजा. पुढचा डावा कोपरा ते मागचा उजवा आणि त्याच्या उलट, दोन्ही सारखे आले पाहिजेत. 3 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर फाळका बसणार नाही. मग मधली फळी, मग मधून बाहेर दोन्हीकडे. सगळ्या फळ्या बसल्यावरच नट आवळा, तेही पट्टी लाकडाला टेकेपर्यंत. त्यापुढे आवळलं की खाचेची कड चेपते आणि पाणी तिथेच साचतं.

रंग किंवा वार्निश फळीच्या सहाही बाजूंना, बसवण्याआधी. टोकांना दोन हात जास्त, कारण पाणी टोकातूनच आत शिरतं. खालची बाजू कोरी सोडली की फळी वाटीसारखी वळते.

कोकणी_सुतार

रंधा यांनी छान लिहिलंय. ओक म्हणताना लाल की पांढरा हे मात्र बघावं. लाल ओकच्या नळ्या उघड्या असतात, छोट्या तुकड्याच्या टोकाला तोंड लावून फुंकलं तर दुसऱ्या टोकाने हवा येते. पांढऱ्या ओकच्या नळ्या बुजलेल्या असतात. उघड्यावर राहणाऱ्या गाडीला पांढरा. ओक कुठलाही असो, त्यातलं टॅनिन कोऱ्या लोखंडाशी मिळून काळे डाग पाडतं. बोल्ट स्टेनलेसचे नाहीतर चांगल्या जस्ताच्या मुलाम्याचे.

स्टेनलेसचं एक दुखणं: नट वेगात फिरवला की आटे एकमेकांना चिकटून जाम होतो, मग कापण्यावाचून इलाज नाही. आट्यांना अँटीसीझ लावा आणि हातपान्यानेच आवळा, इम्पॅक्ट गन लांब ठेवा.

चाकबंद

आणि सागवान? मला तर पहिला तोच सुचला :)

कोकणी_सुतार

टिकायला उत्तम, प्रश्नच नाही. पण अमेरिकेत भाव ऐकून उत्साह मावळेल. शिवाय सागाच्या अंगच्या तेलामुळे वार्निश धरत नाही, लावण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसून तासाभरात पहिला हात द्यावा लागतो. आणि गाडी मूळ रूपात ठेवायची असेल तर साग काय, चकचकीत ओकही चुकीचाच. शेवरोलेच्या कारखान्यात पिवळा पाइन लावून त्यावर रंग मारत. आरशासारखं वार्निश आणि पॉलिश केलेल्या स्टेनलेस पट्ट्या ही प्रदर्शनांची हौस. तसा हौदा झाला की त्यात वीट ठेवायची छाती होत नाही.

पाइन घेणार असाल तर अंगणातल्या डेकसाठी मिळणारा औषध मारलेला पाइन घेऊ नका. त्यातलं तांबं कोरं पोलाद खातं.

वेल्डर_वसईचा

आता फ्लीटसाइडच्या पत्र्याकडे या. जुनापत्रा म्हणतात तसं स्टेपसाइडला बोल्ट सुटतात हे कागदावर. पन्नास वर्षांनी मडगार्डचे बोल्ट सुटत नाहीत, तुटतात. आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवायचं तेल मारा, तरी निम्मे ग्राइंडरनेच जातील असं धरून चला. मडगार्ड आणि हौद्याच्या मधे रबराची गोट असते, ती पाणी धरते आणि मागे पत्रा चाळणी झालेला असतो. मडगार्डवर बाहेरच्या बाजूला ताऱ्यासारखे फुगवटे दिसले तर ते चाकाने आतून मारलेल्या खड्यांचे. त्यावर वरून लांबी मारू नका, आतून डॉलीचा (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याचा) आधार देऊन ठोकून बसवा आणि आतल्या बाजूला जाड अंडरकोट द्या. एवढं केलं की स्टेपसाइड झाला.

फ्लीटसाइड गंजतो तीन ठिकाणी. चाकाच्या कमानीची कड, जिथे बाहेरचा पत्रा चाकघराला स्पॉट वेल्डने (ठिपक्याठिपक्याने केलेल्या वेल्डने) जोडलाय. चाकाच्या पुढचा खालचा कोपरा. आणि चाकाच्या मागचा खालचा भाग. तिन्हीकडे कारण एकच: दोन पत्र्यांच्या मधे चिखल बसतो आणि तो वाळायला जागा नाही. बाहेर नाण्याएवढा फोड दिसला तर आत तळहाताएवढं गेलंय असं समजा.

कमानीचा तुकडा बदलताना स्पॉट वेल्ड ड्रिलने काढा, नव्या तुकड्यात 8 मिमीची भोकं साधारण 40 मिमीवर पाडा, सांध्याच्या दोन्ही बाजूंना वेल्ड होणारा जस्ती प्राइमर मारा आणि भोकं भरत जा. वरचा लांब जोड मात्र कडेला कड लावून, एकावर एक पत्रा चढवून नाही. चढवलात तर पुन्हा तीच चिखलाची खोबण तयार. वेल्डिंगची तार 0.6 मिमी. एका वेळी एकच ठिपका, पुढचा हातभर लांब, मग परत. सलग ओढलंत तर एवढी मोठी सपाट बाजू डब्याच्या झाकणासारखी टकटक करायला लागते आणि ते नंतर सुधारता येत नाही. शेवटी सीम सीलर (सांधे बुजवायचा लेप), आतून मेण, आणि खालची पाणी जायची भोकं उघडी आहेत ना ते बघा. निम्मे लोक तीच सीलरने बुजवतात.

अजून एक. फ्लीटसाइड विकत घेताना फाळका उघडा आणि हौद्याची मागची रुंदी वर आणि खाली मोजा. जड माल टाकून, किंवा फाळका काढून गाडी वर्षानुवर्षं चालवली तर बाजू वरच्या बाजूला फाकतात. मग फाळक्याच्या खिट्ट्या दोन्हीकडे पोचत नाहीत आणि लोक लॅचलाच दोष देत बसतात. थोडं फाकलेलं रॅचेट पट्ट्याने ओढून आणता येतं. तळाच्या जोडापाशी पत्रा चिरला असेल तर आधी तो जोड.

जुनापत्रा

@वेल्डर_वसईचा, मान्य. बोल्ट तुटतात. पण तुटलेला बोल्ट काढणं आणि 40 मिमीवर भोकं भरत कमान शिवणं यात फरक आहे की नाही? नवख्याला पहिलं जमेल.

वेल्डर_वसईचा

ते जमेल. पण नवख्याला फ्लीटसाइडच्या अख्ख्या नव्या बाजूही मिळतात, निदान 1967-72 शेवरोलेच्या. पैसे टाकायचे असतील तर शिवत बसायची गरज नाही.

लांबहौदा

पैशांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. बाजारात छोट्या हौद्याला भाव आणि 8 फुटी हौदा कवडीमोल, म्हणून चांगल्या लांब गाड्या कापून छोट्या करायची साथ आलीय. 1967-72 च्या शेवरोलेत चाकांमधलं अंतर 127 इंच आणि 115 इंच, म्हणजे फरक 12. हौद्यातला फरक मात्र साधारण 20 इंच. म्हणून बाजू दोन ठिकाणी कापाव्या लागतात: 12 इंच चाकाच्या पुढून, उरलेले मागून. 1973 पासूनच्या गाडीत 131.5 आणि 117.5, तिथे पुढून 14 इंच. नुसतं पुढून कापून जुळवायला गेलं की चाक कमानीच्या मधे येत नाही.

आणि हे पत्र्याचं झालं. चासी सरळ उभी कापून कडेला कड वेल्ड केलेल्या गाड्या विकायला येतात, त्या मी उचलून बघायलाही जाणार नाही. जोड पायरीच्या आकाराचा हवा, आतून प्लेट हवी, प्लेटची टोकं निमुळती हवीत, आणि चासीच्या वरच्या-खालच्या पाळीवर आडवा वेल्ड नको, कारण ताण तिथेच येतो. मग प्रोपेलर शाफ्ट कापून परत बॅलन्स करणं, ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, वायरिंग, मफलर. एवढं करून हाती येते ती साडेसहा फुटी हौद्याची गाडी, जिच्यात प्लायवूड बाहेर लोंबतं. लांब हौद्यात फाळका लावून बंद होतं.

ज्याला खरंच काम करायचंय त्याने लांब फ्लीटसाइड घ्यावा. स्वस्त मिळतो आणि मालकाने फार छेडलेला नसतो.

मिशिगनकर

अगदी. कापलेली गाडी ओळखायला ग्लोव्हबॉक्समधला (डॅशबोर्डच्या कप्प्यातला) कागदी स्टिकर बघा. 1967-72 च्या गाडीत तिथे मॉडेल आणि व्हीलबेस छापलेला असतो. दोन चाकी ड्राइव्हच्या अर्ध्या टनीचं मॉडेल 10734 म्हणजे छोटा फ्लीटसाइड, 10704 छोटा स्टेपसाइड, 10934 लांब फ्लीटसाइड. स्टिकरवर आकडा 109 ने सुरू होतो आणि गाडी 115 इंचांची, तर कापलीय. स्टिकर नसेल तर चासीखाली आडवं व्हा आणि केबिनच्या मागे आतून हात फिरवा, वेल्डचा जोड लागतो का बघा.

शेवटचे 04 आणि 34 हेही बघा. स्टेपसाइडवर फ्लीटसाइड चढवलेला असतो आणि उलटही. त्यात वाईट काही नाही, पण 'कारखान्यातून असाच' म्हणून जादा पैसे मागत असतील तर देऊ नका. 1972 पर्यंत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये असते, म्हणून अदलाबदल सोपी. मागचे दिवे, त्यांची वायर आणि बंपरचे ब्रॅकेट तेवढे बदलावे लागतात. 1973 पासून टाकी चासीच्या बाहेर गेली आणि पेट्रोल भरायचं तोंड बाजूला आलं, तिथे काम वाढतं.

चाकबंद

1961 चा एक फोर्ड बघायला जातोय, केबिन आणि हौदा सलग आहे, मधे फटच नाही. कोणी जोडलाय का?

जुनापत्रा

नाही हो, तो कारखान्याचाच. 1961 ते 63 फोर्डने स्टाइलसाइडची केबिन आणि हौदा एकत्र वेल्ड केले. जास्त माल भरला की बॉडी वाकते आणि दारं अडकतात अशी त्याची ख्याती झाली. त्या गोष्टीत तिखटमीठ किती ते सोडा, पण फोर्डने पुन्हा वेगळा हौदा आणला हे खरं. चार चाकी ड्राइव्हच्या गाडीला मात्र पहिल्यापासून वेगळाच हौदा होता. आधीच्या मॉडेलचा तो हौदा नव्या केबिनशी रेषेत जुळत नाही, म्हणून तशा गाड्याही 'चुकीचा हौदा लावलाय' म्हणून नाकारल्या जातात. तसं करू नका.

तुम्ही बघायला जाताय त्यात केबिनची मागची भिंत जिथे हौद्याला मिळते तो खालचा कोपरा दोन्हीकडून टोकरून बघा. तिथे गंज असेल तर हौदा उतरवून दुरुस्त करायची सोय नाही, आणि दुसरा हौदा आणून टाकायचीही नाही. दारं उघडझाप करा, मग कोणाला तरी हौद्यात मागे उभं करून पुन्हा करा. दाराच्या मागच्या फटीची रुंदी वर-खाली सारखी आहे का ते डोळ्यांनी नको, ड्रिलचा बिट घालून बघा.

चाकबंद

धन्यवाद. शनिवारी जातोय. कितीचा बिट?

वेल्डर_वसईचा

4, 5 आणि 6 मिमी तिन्ही न्या. वर 5 जातो आणि खाली 4 पण जात नाही असं झालं तर परत या. आणि चुंबक विसरू नका, त्या कोपऱ्यात लांबीच जास्त असते.